पायाची आग कमी झाली तरी गॅबापेंटिनची गोळी एकदम बंद नको

वडिलांच्या पायाची आग थांबली म्हणून गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्यावरची गोळी) परवापासून बंद केली, असं तुम्ही लिहिलंय. तसं करू नका हो! मूळचं फिटचं औषध आहे ते. अचानक सोडलं तर फिट येणाऱ्यांना झटके वाढू शकतात. इतरांनाही घाम, अस्वस्थपणा, झोप उडणं. आजच डॉक्टरांना फोन करा, डोस ते हळूहळू उतरवतात.

आमच्या आईला नागिणीनंतर हीच गोळी होती. सोलापूरकर ती, शेंगाचटणी सुटेना. वर ॲसिडिटीचं पातळ औषध! ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या त्या औषधानं गोळी कमी शोषली जाते, म्हणून ते घेतल्यावर 2 तासांनी गोळी. वडिलांना शुगर आहे ना? मग क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्टही दाखवा, किडनी कमजोर असल्यास डोस कमी लागतो.