मदत हवी आहे: १५ पिनच्या प्लगला हूड (मागचं कव्हर) बसत नाहीये, कुठलं घेऊ?

चाकणचा_पॅकर
नमस्कार मंडळी. पॅकिंग मशीनच्या सर्व्हो मोटरला मधूनच एन्कोडरचा (मोटर किती फिरली ते सांगणाऱ्या सेन्सरचा) अलार्म येतोय. वायर हलवली की जातो, पुन्हा येतो. एन्कोडर केबलच्या ड्राइव्हकडच्या (मोटर चालवणाऱ्या डब्याकडच्या) प्लगचं प्लास्टिकचं हूड फुटलंय, त्यामुळे सगळा ताण पिनांच्या सोल्डरवर. बुधवार पेठेतून १५ पिनचं मेटल हूड आणलं, तर प्लग आत खुळखुळतोय. दुकानदार म्हणतो १५ पिन म्हणजे हेच. सोमवारी मशीन चालू हवंय. कुठलं घेऊ तेवढं सांगा, थिअरी नको.

मीटरवाली
पिना दोन ओळींत आहेत की तीन? केबल किती जाडीची? तिला शिल्ड, म्हणजे तारांभोवती धातूची जाळी, आहे का? पॅनेलचं दार आणि ड्राइव्ह यात जागा किती? हे न सांगता "कुठलं घेऊ" याला उत्तर नाही.

सोल्डर_सम्राट
हूडबिड काही लागत नाही हो. पिनांवर हॉट ग्लू भरा, वरून श्रिंक ट्यूब, विषय संपला. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालू आहे.

खडूस_काका
@सम्राट, उन्हाळ्यात बंद पॅनेलमध्ये तो ग्लू मऊ पडतो. शिवाय उद्या एक पिन सुटली तर उकरत बसा. आणि शिल्ड कुठे जोडणार, ग्लूला?

जुना_व्हीजीएवाला
तीन ओळींचं १५ पिन असेल तर अडगळीतली मॉनिटरची केबल कापा, फुकटात काम. लॅमिंग्टन रोडला पूर्वी किलोवर मिळायच्या. काय दिवस होते ते!

मीटरवाली
@व्हीजीएवाला, तसं करू नका. त्या केबलींना बहुतेक वेळा ९ नंबरची पिनच नसते, काहींत ग्राउंडच्या पिना आतून एकत्र जोडलेल्या असतात. वर साच्यात ओतलेलं कव्हर, उघडता येत नाही. एन्कोडरच्या सिग्नलला हा जुगार कशाला?

संरक्षण_निवृत्त
या असल्या हूडवर आमचा कधीच विश्वास नव्हता. विमानांत, लष्करात वापरतात तो ३८९९९ मालिकेचा गोल कनेक्टर घ्या, मागे बॅकशेल (धातूचं मागचं कवच), शिल्डच्या जाळीवर स्टीलची पट्टी हत्याराने आवळायची. चारी बाजूंनी शिल्ड टेकतं, हिसका बसला तरी हलत नाही. प्लेटिंग निकेलचं घ्या, कॅडमियम आता बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

खडूस_काका
साहेब, ड्राइव्हवर डी-सबचं, म्हणजे डी आकाराच्या चपट्या कनेक्टरचं सॉकेट आहे. त्यात गोल कनेक्टर कसा घालणार? पॅकिंग मशीन आहे हो, विमान नाही.

चाकणचा_पॅकर
तीन ओळी आहेत. शिल्ड आहे, पण आधीच्या माणसाने कापून टेप गुंडाळलाय. व्हर्नियर नाही जवळ. जागा कमीच आहे. पण हूड का बसत नाही ते कुणीच सांगत नाहीये!

मीटरवाली
पॅकरदादा, सांगते. तीन ओळींच्या १५ पिनच्या प्लगचा बाहेरचा पत्रा ९ पिनवाल्याच्या मापाचाच असतो, पिना फक्त दाट बसवलेल्या. दुकानदाराने दोन ओळींच्या १५ पिनचं हूड दिलंय, ते मोठं असतं. प्लगच्या दोन स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर मोजा, मध्यापासून मध्यापर्यंत. २५ मिमी भरलं तर "९ पिनचं हूड द्या" एवढंच म्हणा. ३३ च्या आसपास भरलं तरच हातातलं बरोबर.

जाडीसाठी केबलभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, जिथे टोक येतं तिथे पेनाने खूण करा, ती लांबी भागिले ३.१४. क्लॅम्प केबलच्या मापाचा हवा. सैल राहिला तर पुन्हा सोल्डरच ओढला जाणार.

शिल्ड: टेप काढा, केबलचं वरचं आवरण थोडं मागे सोला, जाळी उलटी दुमडून आवरणावर घ्या आणि धातूच्या क्लॅम्पखाली चारी बाजूंनी दाबा. जाळी पिळून शेपटी करू नका, जास्त फ्रिक्वेन्सीला ती शेपटी जवळपास निरुपयोगी ठरते. हूड ओतीव धातूचं घ्या. निकेल चढवलेलं प्लास्टिक चालेल, साधं राखाडी प्लास्टिक नको.

सोल्डर_सम्राट
शिल्डला एकाच टोकाला अर्थिंग करायचं असतं, नाहीतर दोन अर्थिंगमधून करंट फिरून लूप तयार होतो. हे तर आयटीआयमध्येच शिकवतात.

खडूस_काका
ते थर्मोकपल, ४-२० मिलिअँपसारख्या संथ सिग्नलला. इथे शेजारून ड्राइव्हची मोटर केबल जातेय, तिचा विजेचा नॉइज (सिग्नल बिघडवणारा अडथळा) वरच्या फ्रिक्वेन्सीचा. एन्कोडर केबलचं शिल्ड सहसा दोन्ही टोकांना बांधतात. ड्राइव्हच्या पुस्तकात बघा, ते म्हणेल तसं.

सोल्डर_सम्राट
पुस्तकं लिहिणारे मशीन चालवत नाहीत काका.

मीटरवाली
भांडा नंतर. पॅकरदादा, एक राहिलं. हूडसोबतचे स्क्रू बघून घ्या. डी-सबच्या सॉकेटला बहुधा ४-४० यूएनसी (इंची मापाचे) आटे असतात, काही ठिकाणी एम३ (३ मिमीचे). एम३ चा स्क्रू ४-४० मध्ये एखाद-दोन आटे जातो आणि मग अडतो. तिथे पक्कड लावाल तर सॉकेटचे आटे जातील. हाताने फिरला पाहिजे. आणि पिना नव्याने सोल्डर करताना प्रत्येक तारेवर बारीक स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) आधी ओवून ठेवा.

चाकणचा_पॅकर
२५ भरलं ताई! पट्टी २२ मिमी, म्हणजे ७ मिमीची केबल. सरळ हूड लावून दार मिटेल असं वाटत नाही.

मीटरवाली
मग बाजूने केबल निघणारं घ्या, ४५ किंवा ९० अंशाचं. पण प्लग सॉकेटमध्ये उलटा जात नाही, तेव्हा केबल वर निघायला हवी की खाली ते आधी ठरवा. काही हुडांना दोन्हीकडे तोंड असतं आणि नको ते बुजवायला बूच येतं, ते मिळालं तर उत्तम. मोटर केबल कुठून जातेय?

चाकणचा_पॅकर
खालून. शेजारच्याच डक्टमधून.

मीटरवाली
मग एन्कोडरची वर काढा, तिच्यापासून लांब.

विदर्भी_शेतकरी
चांगला धागा. माझ्या विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर पावसात ट्रिप होते, त्याले पण असं कव्हर मिळते का?

खडूस_काका
भाऊ, वेगळा धागा काढा. आणि त्यात सिंगल फेज की थ्री फेज ते आधीच लिहा.