क्रॉसओव्हरच्या मिरवणुकीत आपल्या गल्लीचा रथ अडकतो

रद्दीतला रॉबिन (शहापूर): बेळगावच्या खडेबाजारात रद्दीत 'एक्स-फॅक्टर' या सुपरहिरो कॉमिक्स मालिकेचे चार अंक सापडले, ८४ ते ८७. लेखक पीटर डेव्हिड. पहिले तीन वाचून डोकं उठलं. १९९२ च्या 'एक्स-क्युशनर्स साँग' या क्रॉसओव्हरचे, म्हणजे अनेक मालिकांत तुकड्यांनी चालणाऱ्या एकाच कथेचे, ते दुसरा, सहावा आणि दहावा भाग. एकूण १२, चार मालिकांत वाटलेले! मधलं काय घडलं ते चारही मालिका घेणाऱ्यालाच ठाऊक. मग ८७ वा. टीममधला एकेक जण मानसोपचारतज्ज्ञापुढे बसून मन मोकळं करतो, बस्स. काय फक्कड अंक! आणि दोनच अंकांनी डेव्हिडनं मालिका सोडली. सारख्या क्रॉसओव्हरचा जाच हे त्यामागचं एक कारण.

खानापूरकर: शिवजयंतीला चित्ररथांची मिरवणूक नसती तर तुझ्या गल्लीचा देखावा बघायला आम्ही खानापुरातनं आलो असतो होय? क्रॉसओव्हरचंही तसंच. मी कॉमिक्सला लागलो तेच 'सिव्हिल वॉर' या क्रॉसओव्हरमुळे. २००६ चं 'ॲनायलेशन' आणि त्याचा पुढचा भाग झाला नसता, तर २००८ ची 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' टीम कुठनं आली असती?

रद्दीतला रॉबिन (शहापूर): 'ॲनायलेशन' अंतराळात एका बाजूला चाललेलं बाबा, कुणाच्या चालत्या गाड्याला खीळ घातली नाही. 'सिव्हिल वॉर'चं बघ की. स्पायडर-मॅननं, म्हणजे पीटर पार्करनं, जगापुढे मुखवटा काढला. त्यापायी त्याच्या मे काकूला गोळी लागली. तिला वाचवायला मेफिस्टो या सैतानाशी सौदा, नि त्यात पीटरचं लग्नच पुसलं गेलं! एका क्रॉसओव्हरची हौस, निस्तरायचं मात्र त्याच्या स्वतःच्या मालिकेनं.

निपाणीची वाचक: दादा, लग्न पुसायचा निर्णय संपादकांचा. उगाच क्रॉसओव्हरवर बिल फाडू नका. १९८४ चं 'सीक्रेट वॉर्स' तर मॅटेलच्या खेळण्यांसाठी काढलेलं, तरी स्पायडर-मॅनच्या काळ्या पोशाखाचं मूळ त्यातच. तो पोशाख पुढं व्हेनम हा खलनायक झाला. धंद्यासाठी काढलेलं सगळंच वाईट नसतं. पण एक मान्य, बारा भागांसाठी चार मालिका घ्यायला लावणं हा खिसेकापूपणा आहे.

खानापूरकर: खिसा कापून घेतलेला मीच. पहिला भाग, म्हणजे 'अनकॅनी एक्स-मेन'चा २९४ वा अंक, माझ्याकडे आहे.

रद्दीतला रॉबिन (शहापूर): देतोस?

खानापूरकर: नाही. इथं येऊन वाच. येताना कुंदा आण.