मदत हवी आहे: आरेना मेक्सिकोतल्या कुस्त्या बघायच्यात

नमस्कार मंडळी, मेक्सिको सिटीत राहणारं किंवा तिथे जाऊन आलेलं कुणी आहे का? मार्चमध्ये कामासाठी तिकडे जातोय, सोबत बाबाही येणार आहेत. आरेना मेक्सिको या तिथल्या कुस्त्यांच्या स्टेडियममध्ये ‘ओमेनाहे अ दोस लेयेंदास’ नावाचा कुस्त्यांचा कार्यक्रम असतो, म्हणजे दोन दिग्गजांना मानवंदना, तो बघायचाच असं ठरलंय. त्यातलं एक नाव ठरलेलं असतं: साल्वादोर लुत्तेरोथ, १९३३ साली या कुस्त्या भरवणारी कंपनी काढणारे. दुसरं बदलत राहतं. मुखवटा घालून लढणारा प्रसिद्ध पैलवान एल सांतो यालाही हा मान मिळालाय, ज्याला १९८४ मध्ये रुपेरी मुखवट्यासकट पुरलं!

बाबांना रस पैजेच्या लढतीत. हरणाऱ्याने मुखवटा उतरवून खरं नाव सांगायचं. मुखवटा नसेल तर तिथेच रिंगमध्ये डोकं भादरून घ्यायचं. लुटुपुटीच्या कुस्त्या म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत.

तर, तिकीट आधीच ऑनलाइन काढावं की खिडकीवर मिळतं? अशा मोठ्या दिवशी काळाबाजार होतो का? पहिल्या रांगेत पैलवान उडी मारून थेट अंगावर येतात, आणि बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे कुठे बसावं? वरून चेहरे, म्हणजे मुखवटे, नीट दिसतात का? कॅमेरा आत नेऊ देतात की फक्त मोबाईल? आरेना आहे त्या दोक्तोरेस भागातून रात्री उशिरा परतायला मेट्रो बरी की टॅक्सी? स्पॅनिश आम्हाला ‘ग्रासियास’पुरतीच येते.

आणि हो, बाहेरच्या ठेल्यांवर भाच्यासाठी बरा मुखवटा केवढ्याला पडेल?