मदत हवी आहे: समुद्रावर आलोय, पाऊस थांबत नाहीये, उद्या काय करू?

रानवारा: लवकर सुचवा. कालपासून धो धो कोसळतोय, सगळे खोलीत कोंडून बसलोय. मुलं रडकुंडीला आलीत, बाबा म्हणतात परत चला. मुलांनी किती महिने या सहलीची वाट पाहिली, मला उद्याचा दिवस वाया घालवायचा नाही. पाण्यात न उतरता काय करता येईल?

नारळीपोफळी: कुठला समुद्र? अलिबाग की मालवण? मुलं केवढी आहेत?

रानवारा: दिवेआगर. पुण्याहून ताम्हिणीतून आलो, स्वतःच्या गाडीने.

घाटमाथा: मग जंजिरा! दिघीहून होडी मिळते. आम्ही सहकुटुंब केलाय, काहीच अवघड नाही.

खाडीकाठ: तुम्ही दिवाळीत केला असेल. पावसाळ्यात होड्या आणि किल्ला दोन्ही बंद असतात. लहान मुलं घेऊन गेलेल्या माणसाला असं काही सांगू नका.

दर्यासारंग: हरिहरेश्वरला जा. प्रदक्षिणेची वाट ओहोटीला मोकळी होते. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची. उद्या दशमी, म्हणजे भरती साडेसातच्या सुमारास, ओहोटी दुपारी दीडच्या आसपास. आमच्याकडे सगळे असंच मोजतात.

खाडीकाठ: त्या हिशेबाने भरतीची वेळ कळते, लाट केवढी येईल ते कळत नाही. जूनअखेरीला ओहोटीतही खडकांवर लाट चढते, शेवाळावर पाय ठरत नाही. तिथून माणसं ओढली गेली आहेत. देवदर्शन करा, प्रदक्षिणेला जाऊ नका.

दर्यासारंग: दर्शन तरी करा, एवढंच म्हणतो. पण हिशेब चुकीचा नाही.

सोलकढी: ताजं पापलेट कुठे मिळेल म्हणून विचारू नका, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. खाडीतलं काही मिळालं तर बघा, नाहीतर सुकट घ्या. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, या हवेत दुसरं काही लागत नाही.

रानवारा: आम्ही शाकाहारी आहोत. प्रदक्षिणा तर नकोच, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात. मुलं सहा आणि नऊ वर्षांची.

नारळीपोफळी: हे आधी कळायला हवं होतं, आता नीट सांगता येईल. गावातच थांबा. रूपनारायणाचं देऊळ बघा, शिलाहारकाळातली विष्णुमूर्ती आहे. तिच्या प्रभावळीत दशावतार कोरलेत, मुलांना एकेक ओळखायला लावा, तास कसा गेला कळणार नाही. मग सुवर्णगणेश. १९९७ साली नारळी-पोफळीच्या वाडीत तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला, २०२१ मध्ये नवा बसवला. ही गोष्ट नऊ वर्षांच्या पोराला नक्की आवडेल. याच गावात शके ९८२ चा मराठी ताम्रपट मिळालाय, बाबांना वाचनाची आवड असेल तर त्यांना सांगा. घरमालकांना विचारून सुपारीची वाडीही दाखवा. पाऊस उघडला तर श्रीवर्धनला पेशव्यांचं स्मारक.

घाटमाथा: मोठी गाडी असेल तर दिघीहून आगरदांड्याला जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने...

खाडीकाठ: त्यांनी परतीचा रस्ता विचारलेला नाही! पण विषय निघालाय म्हणून सांगतो, ताम्हिणीत दरड येते, धुकंही उतरतं. निघण्याआधी माणगावात चौकशी करा आणि अंधार पडायच्या आत घाट ओलांडा.

रानवारा: रूपनारायण सकाळीच करतो. देवळापर्यंत गाडी जाते का? बाबांना चिखलातून चालवता येणार नाही.