चहा चीनमधून आला, पण आसामचा आपलाच

भारतात चहा इंग्रजांनी चीनमधून आणला, असं म्हटलं जातं. हे अर्धंच खरं आहे. चिनी रोपं त्यांनी आणली, पण आसामच्या जंगलात चहाची झाडं आधीपासून होती आणि तिथले सिंगफो जमातीचे लोक तो पीतही होते. रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला 1823 मध्ये ती झाडं कळली तीच मुळी आसामचे मणिराम दिवाण आणि सिंगफो सरदार यांच्यामुळे.

सिंगफोंचा चहा, म्हणजे 'फालाप', अजूनही होतो. कोवळी पानं कढईत परततात, उन्हात वाळवतात, मग बांबूच्या नळीत ठासून भरतात आणि ती नळी चुलीवर धुरात टांगून ठेवतात. आतला चहा सुकून दांड्यासारखा घट्ट होतो. लागेल तेव्हा सुरीने चकती कापायची आणि गरम पाण्यात टाकायची. दूध नाही, साखर नाही. धुराचा वास येतो, आणि तीच चकती दोन-तीनदा सहज चालते. आपल्या उकळलेल्या, आलं घातलेल्या चहाची सवय असलेल्याला पहिला घोट परका वाटेल, पण हा चहा समजून घ्यायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

मणिरामबद्दल आणखी एक. त्यांनी पुढे स्वतःचे मळे लावले, असं करणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी ते एक. 1857 च्या उठावात सामील झाल्याबद्दल इंग्रजांनी त्यांना 1858 मध्ये आसाममधल्या जोरहाटला फाशी दिलं. चहाच्या गप्पांत ब्रूसचं नाव निघतं, यांचं निघत नाही, याचं फार वाईट वाटतं.