मदत हवी आहे: ६४ केबीच्या खिडकीत ३२०×२४० मावतं कसं?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. चतुर्थीच्या सुट्टीत डॉसबॉक्स (जुन्या डॉस पीसीची नक्कल करणारा प्रोग्राम) आणि टर्बो सी (जुना सी कंपायलर) घेऊन व्हीजीएच्या, म्हणजे जुन्या पीसीच्या ग्राफिक्स कार्डाच्या, मागे लागलोय.

मोड १३एच (कार्डाचा एक ग्राफिक्स मोड) जमला. ३२०×२००, २५६ रंग, एक पिक्सेल म्हणजे एक बाइट, त्याचा पत्ता वाय गुणिले ३२० अधिक एक्स, विषय संपला. पॅलेट (रंगांचा तक्ता) फिरवणं तर भन्नाटच! पोर्ट ३सी८ वर रंगाचा क्रमांक, ३सी९ वर लाल-हिरवा-निळा (प्रत्येकी ० ते ६३), आणि चित्राच्या एकाही बाइटला हात न लावता पाणी वाहायला लागतं. निळ्या-पांढऱ्या १६ छटांत दूधसागर पाडला.

अडलंय मोड एक्सपाशी, म्हणजे व्हीजीएच्याच ३२०×२४० च्या मोडपाशी. ३२०×२४० म्हणजे ७६,८०० बाइट. ए००० ची खिडकी, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची मेमरी जिथून दिसते ते पत्ते, ६५,५३६ ची. उरलेल्या ओळी जातात कुठे? वर म्हणतात, एक पान (पडदाभर चित्र) दिसत असताना दुसरं मागे रंगवता येतं. इथे एकच मावत नाही! असेंब्ली बेताचीच येते, जरा सावकाश सांगा.

जुना_डॉसवाला: अरे, कार्डावर मेमरी २५६ केबी असते. चार प्लेन, म्हणजे मेमरीचे चार थर, चारही त्याच पत्त्यांवर. मोड १३एचमध्ये 'चेन-४' चालू असल्याने पत्त्याचे खालचे दोन बिट प्लेन निवडतात. तुला सरळ रांग दिसते, पण पाऊण मेमरी वाया. चेन-४ बंद केलं, की शाळेत एक-दोन-तीन-चार म्हणत गट पाडतात तसे पिक्सेल चार प्लेनांत जातात. एका पत्त्यावर चार पिक्सेल, म्हणून एका पानाला १९,२०० पत्ते. आता मोज, खिडकीत तीन पानं बसतात.

लिहिताना ३सी४ वर २, मग ३सी५ वर मास्क (कुठल्या प्लेनांत लिहायचं ते सांगणारे चार बिट). मास्क १५ ठेवलास तर एका बाइटमध्ये चार पिक्सेल एका रंगात भरतात. मात्र चित्र काढताना पिक्सेलगणिक मास्क बदलू नकोस, मरणाचं हळू होतं. एका प्लेनचे सगळे पिक्सेल उरक, मग पुढचं प्लेन. आणि २४० ओळींचा नाद तूर्त सोड, त्याला सीआरटीसीचं (पडद्यावरच्या ओळी सांभाळणाऱ्या भागाचं) टायमिंग बदलावं लागतं. आधी ३२०×२०० वरच चेन-४ काढून बघ.

धागाकर्ता: दादा, मास्क १५ ने पडदा भरला! पण मोड १३एचच्या मानाने वेगात फरक काही दिसेना.

जुना_डॉसवाला: दिसणार कसा, तुझा लॅपटॉप धावतोय. डॉसबॉक्सचे सायकल्स (नकली प्रोसेसरचा वेग) ३००० वर आण आणि दोन्ही पद्धती पुन्हा चालव.