युरोपातले फुटबॉल फॅन स्वतःला 'युरोपियन' समजतात का?

रात्रजागर:
चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा) बरीच वर्षं बघतोय आणि एक प्रश्न सारखा डोक्यात येतो. लिव्हरपूलचा माणूस आधी लिव्हरपूलचा, डॉर्टमुंडचा आधी डॉर्टमुंडचा, हे कळतं. पण मंगळवार-बुधवारी रात्री अख्खा खंड त्याच मॅचेस बघत बसतो, त्यातून 'आपण सगळे युरोपियन' असं काही तयार होतं का? का ते फक्त युएफाच्या, म्हणजे ही स्पर्धा भरवणाऱ्या युरोपियन फुटबॉल संघटनेच्या, अँथेमपुरतंच? गाणं इंग्लिश, फ्रेंच, जर्मन अशा तिन्ही भाषांत, पण मँचेस्टर सिटीचे लोक ते लागलं की युएफावरच्या रागापोटी हुर्यो उडवतात. तिकडे राहणाऱ्यांनी सांगा प्लीज.

माइनकाठचा:
फ्रँकफर्टमध्ये राहतो, इथल्या आइनट्राख्ट क्लबचा फॅन. 'युरोपियन' हा शब्द इथे स्टँडमध्ये कुणाच्या तोंडी ऐकला नाही. पण 14 एप्रिल 2022 ची बार्सिलोनातली मॅच आठवा, युरोपा लीगची (चॅम्पियन्स लीगच्या खालची स्पर्धा) क्वार्टरफायनल, पाहुण्यांचा कोटा पाच हजारांच्या आसपास आणि बार्साच्या कॅम्प नोउ स्टेडियममध्ये आमचे साधारण तीस हजार घुसले, सगळे पांढऱ्या कपड्यांत, बार्साचे लोक त्यांच्याच घरात पाहुणे वाटायला लागले! 3-2 जिंकलो. दोन गोल सर्बियाच्या कोस्टिचचे, एक कोलंबियाच्या बोरेचा, कोच ग्लासनर ऑस्ट्रियाचा, आणि इथले लोक त्यांना घरचीच पोरं मानतात. पुढच्या फेरीत ड्रॉ कुठला लागतोय, तिथे ट्रेनने कसं जायचं, कुठल्या चौकात जमायचं, याच्याच गप्पा चालतात. माझ्या मते ओळख तयार होते ती अशीच, कुणी नाव दिलं नाही तरी.

कोपऱ्यातली_सीट:
यात बोस्मनचं नाव यायलाच हवं. बेल्जियमचा साधा खेळाडू, करार संपला तरी लिएजचा क्लब त्याला डंकर्कला जाऊ देईना म्हणून कोर्टात गेला, आणि 15 डिसेंबर 1995 ला युरोपियन कोर्टाने निकाल दिला की करार संपल्यावर ट्रान्सफर फी मागता येणार नाही आणि युरोपियन युनियनच्या (ईयू) खेळाडूंवर परदेशी म्हणून कोटा लावता येणार नाही. चारच वर्षांनी, 26 डिसेंबर 1999 ला, चेल्सीने साउथॅम्प्टनविरुद्ध एकही ब्रिटिश खेळाडू नसलेली टीम उतरवली. ईयू म्हणजे काय हे कित्येक फॅन्सना आपल्या टीमकडे बघूनच कळलं असेल.

तळ्यात_मळ्यात:
मला एवढं पटत नाही. एप्रिल 2021 मध्ये 12 बड्या क्लबांनी सुपर लीग काढली, म्हणजे स्वतःची जागा कायमची पक्की असलेली वेगळी स्पर्धा, तेव्हा चेल्सीचे फॅन आपल्याच स्टेडियमबाहेर टीमची बस अडवून उभे राहिले, क्लबचा जुना गोलकीपर पेत्र चेक स्वतः रस्त्यावर येऊन विनवत होता, आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब मागे हटले. ते लोक युरोपसाठी नाही, आपल्या घरच्या लीगसाठी भांडत होते. परत यातल्या किती जणांनी 2016 ला ब्रेक्झिटला मत दिलं असेल! रविवारी रात्री जर्मन खेळाडूच्या नावाने घसा फोडायचा आणि सोमवारी ईयूला शिव्या, हे दोन्ही एकाच माणसात आरामात राहतं.

माइनकाठचा:
@तळ्यात_मळ्यात, ब्रेक्झिटचं मान्य. पण त्या 12 मध्ये एकही जर्मन क्लब नव्हता तरी इथले फॅनही तितकेच चिडले होते, आणि कारण तेच, की युरोपात खेळायचा हक्क मैदानात कमवायचा असतो. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना एकाच गोष्टीचा एवढा राग येतो, याला तुम्ही काय म्हणाल?